गोल पत्त्यांच्या मागे लागलेला जर्मन

१९३३ साली पंचविशीतला एक जर्मन तरुण मुंबई बंदरात उतरला. नाव रुडॉल्फ फॉन लायडेन, शिक्षण भूगर्भशास्त्राचं. खडक वाचायला शिकलेला हा माणूस पुढची कित्येक दशकं मुंबईत राहिला, पण पोटापाण्यासाठी त्या खडकांचा त्याला काडीचा उपयोग झाला नाही. त्यानं जाहिराती केल्या, टोपणनावानं व्यंगचित्रं काढली, वर्तमानपत्रात चित्रप्रदर्शनांवर लिहिलं आणि फावल्या वेळात जुन्या गंजिफा, म्हणजे हातानं रंगवलेले गोल पत्ते, जमवल्या. एवढ्या भांडवलावर या माणसाचा धागा एका टोकाला सोलापूर जिल्ह्यातल्या पंढरपुरात जन्मलेल्या एका चित्रकाराशी जुळतो आणि दुसऱ्या टोकाला सावंतवाडीच्या कलेशी. बर्लिन, पंढरपूर आणि सावंतवाडी ही नावं एका दमात घ्यावीत असं सहसा घडत नाही. इथे ती घ्यावी लागतात.

वसाहतकाळात देश सोडून परमुलखात वसलेला जर्मन म्हटला की अमेरिकेतल्या पेनसिल्व्हेनियात जंगल तोडून शेती करणारं कुटुंब आठवतं. भारतात जर्मनांचं राज्य नव्हतं, त्यामुळे त्यांना जमिनी वाटायलाही कुणी बसलं नव्हतं. इथे आलेला जर्मन हातातल्या विद्येवर जगे. १८०३ साली असईच्या लढाईत शिंद्यांच्या कवायती पलटणींचा एक मुख्य सेनानी अँथनी पोलमान हा हॅनोव्हरचा होता. ईस्ट इंडिया कंपनीच्या चाकरीतल्या जर्मन पलटणीतून तो शिंद्यांकडे आला होता. पुण्याच्या डेक्कन कॉलेजात मार्टिन हाउग आणि त्यांच्यामागून फ्रान्झ कीलहॉर्न यांनी संस्कृत शिकवलं. पतंजलीच्या महाभाष्याची कीलहॉर्न यांनी सिद्ध केलेली आवृत्ती पंडित आजही उघडतात. मालाडला बॉम्बे टॉकीजमध्ये ‘अछूत कन्या’चं दिग्दर्शन फ्रान्झ ऑस्टेन यांनी केलं आणि कॅमेरा योझेफ विर्शिंग यांनी धरला. विर्शिंग इतके इथलेच झाले की पुढे ‘महल’ त्यांनी चित्रित केला, ‘पाकीजा’चंही बरंचसं काम केलं आणि १९६७ साली इथेच देह ठेवला.

हे सगळे कामासाठी आले होते; त्यांच्यामागे घर शाबूत होतं. १९३३ नंतर आलेल्यांची गोष्ट निराळी. त्यांना घरानंच बाहेर काढलं होतं.

फॉन लायडेन बर्लिनच्या सुशिक्षित, वजनदार घरातले. घराण्यात आईकडून ज्यू वंशाचा संबंध आणि विद्यार्थीदशेत रुडॉल्फ यांचा ओढा डाव्या राजकारणाकडे. यांतली एकच गोष्ट असती तरी त्या वर्षी पुरेशी होती. ३० जानेवारी १९३३ रोजी हिटलर चॅन्सेलर झाला. महिनाभरात संसदेच्या इमारतीला आग लागली आणि ते निमित्त करून डाव्यांची धरपकड सुरू झाली. ७ एप्रिलला ज्यू वंशाच्या लोकांना सरकारी नोकऱ्यांतून काढून टाकण्याचा कायदा आला. अशा वेळी जायचं कुठे, याचं उत्तर बहुतेकदा नकाशावरून ठरत नाही. ओळखीचं माणूस कुठे आहे यावरून ठरतं. रुडॉल्फ यांचा भाऊ मुंबईत आग्फा या जर्मन कंपनीत होता. फोटोच्या फिल्म विकणाऱ्या त्या कंपनीच्या नोकरीमुळे एका भूगर्भशास्त्रज्ञाला मुंबईचं दार उघडलं.

इथे जरा थांबून सोलापूरकडे पाहायला हवं. मे १९३० मध्ये सविनय कायदेभंगाच्या काळात सोलापूर असं पेटलं की काही दिवस शहरावर इंग्रजांची सत्ताच उरली नाही. मग मार्शल लॉ आला. १२ जानेवारी १९३१ रोजी मल्लप्पा धनशेट्टी, कुर्बान हुसेन, जगन्नाथ शिंदे आणि श्रीकिसन सारडा या चौघांना येरवड्याच्या तुरुंगात फाशी देण्यात आलं. त्यानंतर जेमतेम दोन वर्षांनी फॉन लायडेन मुंबईत उतरले आणि ज्या राज्यानं सोलापूरच्या चौघांना फासावर चढवलं, त्याच राज्याच्या छत्राखाली त्यांना सुखानं श्वास घेता आला. पुढे त्यांनी ब्रिटिश-भारतीय नागरिकत्वही घेतलं. एकच सरकार, एकच इलाखा. एकाला फाशी आणि एकाला आसरा. निर्वासिताची गोष्ट सांगताना ही दुसरी बाजू झाकली तर ती गोष्ट गोडगोड होते, खरी राहत नाही.

आसरा मिळाला, पण नोकरीचं काय? भूगर्भशास्त्रात जमेना. मग त्यांनी व्यावसायिक चित्रकामाचा स्टुडिओ काढला. पुढे टाइम्स ऑफ इंडियात काम केलं आणि नंतर व्होल्कार्ट ब्रदर्स या कंपनीचा प्रसिद्धी विभाग सांभाळला. या कंपनीचं नाव आज कुणाला फारसं आठवत नसलं तरी तिची एक खूण घराघरांत आहे. व्होल्कार्ट ही स्वित्झर्लंडच्या विंटरथूर गावची पेढी. १८५१ साली ती विंटरथूर आणि मुंबई अशा दोन्ही ठिकाणी एकदमच सुरू झाली. तिचा मुख्य धंदा कापसाचा. वऱ्हाडात खामगावला कापूस घ्यायचा, दाबून गाठी बांधायच्या, मुंबईहून बोटीनं युरोपला धाडायच्या. परतीच्या वाटेवर यंत्रं, रसायनं आणि इतर माल आणायचा. १९५४ साली व्होल्कार्ट आणि टाटा यांनी मिळून नवी कंपनी काढली, तिचं नाव व्होल्टास. आज उन्हाळ्यात ज्या नावाची वातानुकूलन यंत्रं सोलापूरच्या दुकानांत मांडलेली दिसतात, त्या नावाचा पहिला अर्धा भाग विंटरथूरच्या या व्होल्कार्टचा.

अशा कंपनीच्या प्रसिद्धीचं काम म्हणजे काय, हे त्या काळाच्या छपाईवरून समजून घ्यावं लागतं. जाहिरातीतली अक्षरं हातानं काढली जात. चित्र रेषेचं असेल तर जस्ताच्या पत्र्यावर आम्लानं कोरून लाइन ब्लॉक करायचा. फोटो असेल तर तो जाळीतून घेऊन बारीक-मोठ्या ठिपक्यांत फोडायचा आणि त्याचा हाफटोन ब्लॉक बनवायचा. वर्तमानपत्राच्या खरखरीत कागदावर ते ठिपके पसरत आणि चेहऱ्यांवर काजळी चढे. रंग तर नाहीच. या एका अडचणीमुळे त्या काळात चित्रसमीक्षकाच्या हातात मोठी सत्ता होती. चित्र वाचकापर्यंत पोचे ते त्याच्या शब्दांतून. निळा नेमका कसला निळा, रेषा कुठे जोरकस आणि कुठे डळमळीत, हे ज्याला चार ओळींत सांगता येई त्याचंच प्रदर्शन वाचकाला दिसे. ब्लॉक कसा बनतो हे हातानं जाणणारा आणि शब्दही नेमके वापरणारा माणूस टाइम्सच्या रकान्यात चित्रांवर लिहू लागला, ही मुंबईच्या चित्रकारांच्या दृष्टीनं लहान गोष्ट नव्हती.

युद्धाच्या काळात हाच हात व्यंगचित्रांकडे वळला. ‘इलस्ट्रेटेड वीकली’त ‘डेनली’ या सहीची चित्रं येत. लायडेन या नावातली अक्षरं मागेपुढे केली की ते टोपणनाव तयार होतं. ज्यानं घर सोडायला लावलं त्या माणसाची टिंगल मुंबईत बसून, इंग्रजी साप्ताहिकात, दर आठवड्याला करायची, असा हा सूड होता.

इतर जर्मनांचं युद्ध मात्र वेगळ्या पत्त्यांवर गेलं, आणि ते पत्ते आपल्या ओळखीचे आहेत. ३ सप्टेंबर १९३९ रोजी ब्रिटननं युद्ध पुकारलं आणि भारतातल्या जर्मन पुरुषांची धरपकड सुरू झाली. पाद्री, मळेवाले, व्यापारी, सिनेमावाले यांना अहमदनगरच्या छावणीत नेलं. नंगापर्वतच्या मोहिमेवर आलेला ऑस्ट्रियन गिर्यारोहक हाइनरिख हारर कराचीत पकडला गेला, तोही आधी नगरला आणि मग देवळालीला आला. पुढे डेहराडूनच्या छावणीतून पळून तो तिबेटात पोचला. काही कुटुंबांना पुरंदरावर ठेवलं. शिवाजी महाराजांच्या पुरंदरच्या तहाचा गड, आणि त्याच्या माचीवर जर्मन बायका-मुलांचा संसार! यांतला विचित्रपणा असा की कागदोपत्री ‘शत्रूराष्ट्राचा नागरिक’ एवढंच पाहिलं जाई. हिटलरच्या पक्षाचे सभासद आणि हिटलरनं हाकललेले ज्यू, दोघांनाही आधी एकाच दोरीनं बांधलं गेलं. मग चौकशा होऊन निर्वासितांची हळूहळू सुटका झाली.

आता पंढरपूर.

१७ सप्टेंबर १९१५ रोजी पंढरपुरात सुलेमानी बोहरा कुटुंबात मकबूल फिदा हुसेन यांचा जन्म झाला. आई तान्हेपणीच गेली, वडील इंदूरला गेले आणि मुलगाही. विशीच्या आसपास हुसेन मुंबईला आले आणि सिनेमाचे फलक रंगवू लागले. मजुरी चौरस फुटाला चार-सहा आणे. हे काम जवळून पाहिलं की त्यांची पुढची चित्रं वेगळी दिसायला लागतात. हातात नटीचा पोस्टकार्डाएवढा फोटो असतो. त्यावर पेन्सिलीनं चौकटी आखायच्या, फलकावर तेवढ्याच चौकटी पण कित्येक पट मोठ्या, आणि एकेका चौकटीतला तुकडा उचलून मोठा करायचा. रंगवणारा परांचीवर चढलेला असतो तेव्हा त्याच्या नाकासमोर फक्त एक भुवई किंवा ओठाचा कोपरा असतो. पूर्ण चेहरा त्याला दिसतच नाही. तो डोक्यात धरून ठेवावा लागतो. बारीक छटांना वेळ नसतो आणि पैसेही नसतात, कारण फलक रस्त्यापलीकडून, चालत्या ट्राममधून वाचता यायला हवा. म्हणून रेषा एकदाच आणि ठाम, रंग सपाट आणि भडक. हुसेनांचे घोडे, त्यांच्या बायका, त्यांचे कंदील हे सगळं याच तालमीत घडलेल्या हाताचं आहे.

हात होता. पण १९४०च्या मुंबईत असा हात असलेल्या माणसाला चित्रकार म्हणून उभं राहायला जागा कुठे होती? जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिकवणीचा मोठा भर हुबेहूब चित्रणावर. बॉम्बे आर्ट सोसायटीची वार्षिक प्रदर्शनं भरत, पण चित्रं विकत घेणारा वर्ग राजेरजवाडे आणि धनिकांचा. त्यांना घाट, मंदिरं आणि तैलरंगातली व्यक्तिचित्रं हवी असत. जहांगीर आर्ट गॅलरी उघडायला १९५२ साल उजाडायचं होतं. नव्या चित्रकाराला तीन गोष्टी लागतात: त्याचं काम बघून खरं बोलणारा कुणीतरी, त्याबद्दल जगाला सांगणारा कुणीतरी आणि पैसे मोजून ते घरी नेणारा कुणीतरी. मुंबईत ही तीन कामं मोठ्या प्रमाणात ज्या तिघांनी उचलली ते तिघंही हिटलरच्या सावलीतून निसटून आलेले होते.

पहिले वॉल्टर लांगहामर, ऑस्ट्रियातल्या ग्राझचे. व्हिएन्नात चित्रकला शिकवत, पत्नी ज्यू. १९३८ साली हिटलरनं ऑस्ट्रिया गिळला आणि ते मुंबईत टाइम्स ऑफ इंडियाचे कलासंचालक झाले. नेपियन सी रोडवरच्या त्यांच्या घरी रविवारी तरुण चित्रकारांची बैठक जमे. दुसरे इमॅन्युएल श्लेसिंगर, व्हिएन्नाचे; मुंबईत औषधनिर्मितीच्या धंद्यात पडले आणि या पोरांची चित्रं विकत घेऊ लागले. तिसरे फॉन लायडेन, ज्यांच्याकडे लेखणी होती.

या घरांमध्ये आणखी एक गोष्ट होती: आधुनिक युरोपीय चित्रांच्या छापील प्रती. सेझान, क्ली, कोकोश्का. मुंबईच्या पोराला पॅरिस-व्हिएन्नाचं तिकीट परवडणारं नव्हतं. त्याला हे सगळं पुस्तकातल्या पानांवरूनच पाहायचं होतं. १९ जुलै १९३७ रोजी म्युनिकमध्ये नाझींनी ‘अध:पतित कला’ या नावाचं प्रदर्शन उघडलं होतं. जर्मनीतल्या संग्रहालयांतून काढून घेतलेली शेकडो आधुनिक चित्रं भिंतींवर वेडीवाकडी टांगली, शेजारी टवाळीची वाक्यं लिहिली आणि लोकांना हसायला बोलावलं. पॉल क्ली आणि ऑस्कर कोकोश्का दोघेही त्या यादीत होते. जी चित्रं म्युनिकमध्ये हसण्यासाठी टांगली, तसलीच चित्रं पुढच्या काही वर्षांत मुंबईत रविवारच्या चहाबरोबर गंभीरपणे चर्चिली जात होती.

के. एच. आरा यांचं उदाहरण घ्या. हैदराबादजवळच्या बोलारमचा, लहानपणीच मुंबईला पळून आलेला मुलगा. घरकाम, मोटारी धुणं असली कामं करत चित्रं काढी. मिठाच्या सत्याग्रहात तुरुंगवासही भोगून आला होता. त्याच्या चित्रांकडे फॉन लायडेन यांचं लक्ष गेलं, त्यांनी ती लांगहामर यांना दाखवली आणि १९४२ साली आरा यांचं पहिलं एकल प्रदर्शन झालं. १९४७ साली आरा, गोव्याच्या साळगावचे फ्रान्सिस न्यूटन सूझा, सय्यद हैदर रझा, हरी अंबादास गाडे, सदानंद बाकरे आणि हुसेन असे सहा जण प्रोग्रेसिव्ह आर्टिस्ट्स ग्रुपमध्ये एकत्र आले. ७ जुलै १९४९ रोजी मुंबईत त्यांच्या प्रदर्शनाचं उद्घाटन मुल्कराज आनंद यांनी केलं. ही मंडळी काय करू पाहताहेत हे इंग्रजी वाचणाऱ्या मुंबईला समजावून सांगण्यात फॉन लायडेन यांचा वाटा मोठा.

पण म्हणून हुसेनांना युरोपीयांनी घडवलं असं कुणी म्हणायला लागलं तर त्याला थांबवायला हवं. ग्रुपमध्ये त्यांना बोलावलं सूझांनी. १९४८ साली दिल्लीत भारतीय कलेचं मोठं प्रदर्शन भरलं, तिथे मथुरेची शिल्पं आणि बसोलीची लघुचित्रं पाहून आपली वाट सापडली असं हुसेन स्वतः सांगत. समीक्षक चित्र काढत नाही. पण चित्र काढणाऱ्याला पुढच्या महिन्याचं भाडं भरता यावं इतपत हवा तो तयार करू शकतो, आणि चांगल्या समीक्षकानं टोचून बोललेलं एखादं वाक्य चित्रकाराला वर्षभर पुरतं. फॉन लायडेन यांनी हे काम वर्षानुवर्षं, नोकरी सांभाळून केलं.

इतकं करून माणूस थकला असता. पण या गृहस्थांना आणखी एक नाद होता, आणि माझ्या मते तीच त्यांची सर्वांत मोठी कमाई.

हिंदुस्थानात पत्ते खेळायचे ते गोल. तळहातात मावतील एवढे, कधी कधी त्याहूनही लहान. त्यांना म्हणायचं गंजिफा. १५२७ साली बाबरानं सिंधच्या शाह हुसेनला गंजिफा पाठवल्याची नोंद त्याच्या आत्मचरित्रात आहे. अबुल फजलनं अकबराच्या दरबारातल्या गंजिफांचं वर्णन केलं आहे. इराणकडचे जुने पत्ते आयताकृती; इकडे आल्यावर ते गोल झाले. मोगली जोडात आठ रंग आणि प्रत्येक रंगाची बारा पानं, म्हणजे शहाण्णव. ताज, सफेद, शमशेर, गुलाम, चंग, सुर्ख, बरात आणि कुमाश ही त्या रंगांची नावं. मुकुट, चांदीचं नाणं, तलवार, चाकर, वाद्य, सोन्याचं नाणं, हुंडी आणि कापड. बादशहाचा सगळा कारभारच हातात मांडलेला.

मग दख्खनेत आणि इतरत्र कुणीतरी एक भन्नाट उडी मारली. बादशाही खात्यांच्या जागी विष्णूचे दहा अवतार बसवले. मत्स्य, कूर्म, वराह, नरसिंह, वामन, परशुराम, राम, कृष्ण, बुद्ध आणि कल्की. दहा रंग, प्रत्येकी बारा पानं, एकशेवीसचा जोड. प्रत्येक रंगात एक राजा, एक प्रधान आणि एक्क्यापासून दश्शीपर्यंतची दहा पानं. राजाच्या पानावर अवतार स्वतः बसलेला आणि साध्या पानांवर त्याची खूण: मत्स्याला मासा, कूर्माला कासव, परशुरामाला परशू, रामाला बाण. बाकीच्या खुणा गावागणिक बदलतात. पानाच्या कोपऱ्यात आकडा लिहिलेला नाही, कारण गोलाला कोपराच नाही. मासे मोजायचे आणि समजायचं. रंग ओळखायचा तो पानाच्या पार्श्वभूमीवरून.

नियम ऐकले की डोकं गरगरतं. खेळणारे बहुधा तीन, म्हणून दशावतारी जोडात प्रत्येकाच्या हातात चाळीस पानं. हुकूम नाही. मत्स्य ते वामन या पाच रंगांत राजा, प्रधान आणि त्याखाली दश्शी, नश्शी असं उतरत एक्का सर्वांत हलका. परशुराम ते कल्की या पाच रंगांत उलटं: राजा-प्रधानांखाली एक्का सर्वांत भारी आणि दश्शी सर्वांत हलकी. म्हणजे निम्म्या पानांत मोठा आकडा जिंकतो आणि निम्म्या पानांत लहान. शिवाय उतारी कुणाची, हे आभाळाकडे पाहून ठरतं. दिवसा खेळत असाल तर रामाचा राजा ज्याच्या हाती त्याची; रात्री खेळत असाल तर कृष्णाचा राजा ज्याच्या हाती त्याची. सूर्यवंशी राम दिवसाचा, मध्यरात्री जन्मलेला कृष्ण रात्रीचा! आणि सगळी कसोटी स्मरणशक्तीची. कोणती पानं पडून गेली हे ज्याला आठवतं तो जिंकतो. आजीआजोबा पेन्शनीत गंजिफा खेळत ते वेळ घालवायला असेल, पण रिकाम्या डोक्यानं खेळण्याचा हा खेळ नव्हे.

पान बनवायची रीतही तशीच चिवट. कापडाचे किंवा कागदाचे थर चिंचोक्याच्या खळीनं एकावर एक चिकटवायचे. वाळले की गोल कापायचे. वर खडूचा लेप द्यायचा, दगडानं किंवा कवडीनं घोटून गुळगुळीत करायचा. मग रंगकाम, आणि शेवटी लाखेचा थर, म्हणजे हाताच्या घामानं मासा पुसला जाणार नाही. दरबारी कलमाची पानं बारकाईनं रंगवलेली, हस्तिदंताचीसुद्धा. बाजारी कलमाची पानं झटपट, दोनचार फटकाऱ्यांची. आणि फॉन लायडेनसारख्या माणसाला त्या बाजारी फटकाऱ्यांतही तितकीच गंमत वाटावी हे साहजिक होतं. ज्यानं आरांची चित्रं पारखली त्याला ठाम, वेगवान रेषेचं मोल सांगावं लागत नव्हतं.

एकोणिसाव्या शतकात युरोपात छापलेले स्वस्त चौकोनी पत्ते बाजारात आले आणि गंजिफा मागे पडल्या. जुने जोड माळ्यावर गेले. पोरांनी त्यांतली पानं हरवली. फॉन लायडेन जोड जमवू लागले तेव्हा हा खेळ बऱ्याच ठिकाणी मोडीतच निघाला होता. पण ते नुसते जमवत बसले नाहीत. कुठल्या गावच्या पानांची पार्श्वभूमी कुठल्या रंगाची, कुठल्या अवताराला कुठली खूण, कुठे नववा अवतार बुद्ध आणि कुठे त्या जागी जगन्नाथ, याचा ते गावोगावच्या जोडांवरून मेळ घालत गेले. बंगालमधल्या बिष्णुपूरला बुद्धाऐवजी जगन्नाथ येतो. आपल्याकडच्या जुन्या पंचांगांत आणि देवळांच्या नक्षीकामात नवव्या जागी पुष्कळदा विठ्ठल उभा असतो. थरावरून काळ आणि प्रदेश ओळखण्याची विद्या शिकलेला माणूस अखेर तीच विद्या पत्त्यांवर चालवत होता. भारतीय गंजिफांवरचं त्यांचं पुस्तक, लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियमच्या संग्रहाच्या सूचीसह, १९८२ साली आलं. या विषयावर पुढे ज्यानं ज्यानं लिहिलं त्याला त्या पुस्तकावरून जावं लागलं. १९८३ साली व्हिएन्नात त्यांचं निधन झालं.

सावंतवाडीची कथा याला समांतर चालते. तिथे चितारी घराण्यांतली ही कला विझत आली होती. संस्थानचे राजेसाहेब शिवरामराजे भोसले आणि राणी सत्त्वशीलादेवी यांनी वृद्ध कारागीर पुंडलिक चितारी यांच्याकडून ती शिकून घेतली आणि १९७१ साली सावंतवाडी लॅकरवेअर्स ही संस्था काढून राजवाड्यातच काम सुरू केलं. एकानं नोंदी करून कला वाचवली, दुसऱ्यांनी हात चालता ठेवून. दोन्ही लागतं. नुसत्या नोंदी उरल्या तर संग्रहालय होतं. नुसते हात उरले तर शंभर वर्षांपूर्वी कूर्माच्या पानामागचा रंग कोणता होता, हे कुणालाच सांगता येत नाही.

हुसेनांच्या आयुष्याचा शेवट आपल्याला ठाऊक आहे. खटले, धमक्या, २००६ साली देश सोडणं, २०१० साली कतारचं नागरिकत्व आणि ९ जून २०११ रोजी लंडनमध्ये मृत्यू. बर्लिनहून हाकललेल्या माणसाला मुंबईनं घर दिलं, आणि पंढरपुरात जन्मलेल्या माणसाला म्हातारपणी दुसऱ्या देशाचा पासपोर्ट घ्यावा लागला. या दोन ओळी शेजारी ठेवल्या की आपल्या पाहुणचाराबद्दल फार फुशारकी मारावीशी वाटत नाही. फॉन लायडेन यांना इथे जमीन मिळाली नाही, सत्ता तर नाहीच. त्यांनी या मुलखात गुंतवलं ते लक्ष, आणि त्या लक्षाचं रूपांतर कामात केलं: लेख लिहिले, चित्रं पारखली, पानं मोजली, याद्या केल्या. परदेशातून येऊन कुठल्या गावाचं ऋण फेडायचं असेल तर याहून चोख हिशेब मला दिसत नाही.

सावंतवाडीच्या राजवाड्यात गंजिफांचे जोड आजही बनतात आणि विकत मिळतात. घेणारे बहुतेक जण ते चौकटीत बसवून दिवाणखान्यात टांगतात. तसं करू नका. तीन जणांना बसवा, चाळीस-चाळीस पानं वाटा, आणि पाच रंगांत दश्शी भारी की एक्का भारी यावरून पहिल्याच डावात भांडा. खेळ जिवंत असल्याची त्याहून पक्की खूण दुसरी नाही.